गोऱ्हा पटावर केव्हा उतरवायचा? झाडीपट्टीतला शंकरपट आणि वरच्या गटाचा प्रश्न



मोटारसायकलच्या शर्यतीत उतरणाऱ्या पोरांना एक प्रश्न हमखास पडतो. नवशिक्यांच्या गटात दोन-चार शर्यती झाल्या, एखादा चषक घरी आला. आता वरच्या, वेगवान गटात जायचं की अजून एक हंगाम इथेच काढायचा? लवकर गेलं तर हाडं मोडतात. फार थांबलं तर हात-पाय तेवढ्याच वेगाला सरावतात आणि पुढची वाढ खुंटते. मग जायचं केव्हा? आणि हे ठरवायचं कुणी? त्या पोरानं, त्याच्या बापानं, क्लबानं की घड्याळानं?

हा प्रश्न आज मी चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या बाजूने बघणार आहे. तुम्ही म्हणाल, तिथे कुठे मोटारसायकलींच्या शर्यती? बरोबर आहे, तिथे त्यांची मोठी परंपरा नाही. पण शर्यतीची आहे, आणि चांगली जुनी आहे. ती आहे शंकरपटाची. नवा गोऱ्हा पटावर केव्हा उतरवायचा, गावच्या पटात पळालेली जोडी बाहेरच्या मोठ्या पटाला केव्हा न्यायची, पोराच्या हातात कासरा केव्हा द्यायचा, हे प्रश्न तिथल्या शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या सोडवले आहेत. ते कसे सोडवले, ती रीत कशी मोडली आणि आता काय करावं लागेल, एवढंच आज बोलायचं आहे.

धानाचा पट्टा आणि पटाचा हंगाम

आधी मुलूख समजून घेऊ. पूर्व विदर्भातल्या चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांतल्या जंगलाच्या आणि धानाच्या भागाला आपण झाडीपट्टी म्हणतो. गडचिरोली हा पूर्वी चंद्रपूरचाच भाग होता, २६ ऑगस्ट १९८२ रोजी तो वेगळा जिल्हा झाला. चंद्रपूरचा पश्चिमेकडचा भाग, म्हणजे वरोरा-राजुऱ्याकडचा, काळ्या मातीचा आणि कापसाचा. पूर्वेकडे ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, सावली आणि वैनगंगा ओलांडली की आरमोरी, देसाईगंज म्हणजे वडसा, कुरखेडा, हा सगळा धानाचा मुलूख. तळी, बोड्या, बांध्या आणि मागे जंगल.

धान निघालं की इथला शेतकरी मोकळा होतो. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, मग पट सुरू होतात आणि होळीपर्यंत हा हंगाम चालतो. दिवसा शंकरपट आणि रात्री नाटक, ही झाडीपट्टीची जोडगोळी प्रसिद्ध आहे. पटाला बाहेरगावचे पाहुणे येणार, सोयरेधायरे येणार, मग रात्री त्यांनी करायचं काय? म्हणून नाटक. आज झाडीपट्टी रंगभूमी म्हणून जिचं नाव सगळीकडे झालं, जिच्या नाटक मंडळ्यांची राजधानी वडसा समजतात, ती अशी पटाच्या आणि मंडईच्या आधाराने वाढली. सोयरिकी जमायच्या, जनावरांचे सौदे व्हायचे. म्हणजे पट ही नुसती शर्यत नव्हती. पण आपण आज शर्यतीपुरतंच बघू.

ज्यांनी पट पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. सरळ, आखलेली धावपट्टी असते, तिला दान म्हणतात. हलक्या छकड्याला बैलांची जोडी जुंपलेली असते आणि छकड्यावर एक माणूस असतो, तो धुरकरी. कुठे एकेक जोडी सोडून घड्याळावर वेळ मोजतात, कुठे दोन जोड्या शेजारी-शेजारी सोडतात. खेळ काही सेकंदांचा. पूर्वी हाताने घड्याळ दाबत, आता मोठ्या पटांत विजेवरची यंत्रं सेकंदाचा शंभरावा भाग दाखवतात. ही यंत्रं आली त्याचा आपल्या प्रश्नाशी फार जवळचा संबंध आहे, तो पुढे सांगतो.

शेत हाच खालचा गट

आता मुद्द्यावर येऊ. जुन्या काळी नवशिक्यांचा गट कुठे होता? पटाच्या आमंत्रणात तो छापलेला नसायचा. तो शेतात होता.

गोऱ्हा कामाला लावायची एक रीत होती. आधी वेसण. मग मोकळ्या रानात नुसतं जू मानेवर. मग ओढायला काही हलकं, एखादा ओंडका. आणि पहिल्यांदा खरंच जुंपायचं ते जुन्या, शहाण्या बैलाच्या जोडीला. दोन नवे गोऱ्हे एकत्र जुंपायचे नाहीत. जुना बैल थांबला की नव्याला थांबावंच लागतं, जुना वळला की नवा वळतो. शिकवायचं बरंचसं काम माणूस नाही, तो जुना बैलच करतो. मग चिखलणी. धानाच्या बांधीत गुडघाभर चिखलातून ओढताना बैलाच्या पायात, छातीत जोर येतो आणि मुख्य म्हणजे हाक कळते. त्यानंतर गाडी. शेणखत शेतात, धान घरी, तांदूळ बाजाराला. भरल्या गाडीनं उतार कसा उतरायचा, समोरून वाहन आलं तर बुजायचं नाही, हे सगळं रस्त्यावर शिकायचं. एवढं झालं की मग गावचा पट. गावच्या पटात नाव निघालं तर शेजारच्या गावाला, आणि तिथून मोठ्या इनामाच्या पटाला.

मोजून बघा. पटावर पाय ठेवण्याआधी जनावरानं पाच-सहा पायऱ्या चढलेल्या असत, आणि या पायऱ्यांवर कुठेही वेग मोजला जात नव्हता. मोजलं जात होतं ते एकच, हाकेला थांबतो का.

माणसाचंही तसंच. पोळा आपल्याकडे पिठोरी अमावस्येला आणि दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. पोरं लाकडी बैल घेऊन घरोघर जातात. गंमत वाटते, पण शिडीची पहिली पायरी तीच. मग बैल धुणं, चारा टाकणं, तलावावर नेणं. मग बापाच्या शेजारी गाडीवर बसणं. मग रिकामी गाडी एकट्यानं घरी आणणं. पटावर कासरा हातात येईपर्यंत त्या पोराचा बैलांशी कैक वर्षांचा संबंध झालेला असे.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या, कारण माझ्या सगळ्या बोलण्याचा कणा हाच आहे. त्या रीतीत एका वेळी एकच गोष्ट नवी असायची. नवा गोऱ्हा असेल तर जोडीला जुना बैल आणि जुनाच धुरकरी. नवा धुरकरी असेल तर जोडी मुरलेली आणि दान ओळखीची. बाहेरगावची अनोळखी दान असेल तर जोडीही मुरलेली आणि धुरकरीही. हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं. शेतीच्या कामाचीच ती गरज होती. बैल म्हणजे घरातलं मोठं भांडवल, त्याचा पाय मोडला तर पुढचा हंगाम बुडाला. म्हणून कुणी धोक्यावर धोका चढवत नसे.

दात, सेकंद आणि गट

बाहेरच्या मुलखात हा प्रश्न वेगळ्या पद्धतीनं सोडवलेला दिसतो. पश्चिम महाराष्ट्रात, सातारा-सांगलीकडे, गट दातांवरून पडतात. ज्याचे दुधाचे दात अजून पडले नाहीत तो आदत. दोन कायमचे दात आले की दुसा, चार आले की चौसा, आणि पुढे सगळे आठ आले की जनावर जुळलं. देशी जनावरात पहिले दोन दात साधारण दोन-अडीच वर्षांच्या सुमारास येतात आणि सगळे जुळायला पाचेक वर्षं लागतात. म्हणून मैदानात आदतचा गट वेगळा, दुसा-चौसाचा वेगळा आणि खुला गट वेगळा, अशी सोय असते.

ही पद्धत उत्तम आहे, कारण दात खोटं बोलत नाहीत. वाढत्या जनावराचं हाड कच्चं असतं, त्याला जोरात पळवलं तर सांधे कायमचे बिघडतात. दातांचा गट या कच्च्या हाडाला संरक्षण देतो. पण यात एक फट आहे. आदत गोऱ्हा फार पळायला लागला की मालकाला मोह होतो, त्याला खुल्या गटात मोठ्या बैलाच्या जोडीला पळवायचा. वयानं वरच्याला खालच्या गटात जाता येत नाही, पण खालच्याला वर जायची मुभा बऱ्याच ठिकाणी असते. म्हणजे दार एका बाजूनं बंद आणि दुसऱ्या बाजूनं सताड उघडं.

पुणे जिल्ह्यात खेड, आंबेगाव, जुन्नरच्या घाटांत तिसरी तऱ्हा. तिथे चार बैलांचा गाडा चढावर धावतो, पुढे घोडी असते आणि नंबर सेकंदांवर पडतात. अमुक सेकंदाच्या आत आला तो पहिल्या नंबरात, त्यापुढचा दुसऱ्या नंबरात. म्हणजे इथे गट आधी ठरत नाही, धावल्यावर ठरतो. हिशोब चोख, भांडण कमी. पण सेकंद एवढंच सांगतो की गाडा किती वेगात आला. तो किती ताब्यात होता, हे सेकंद सांगत नाही.

आता घोड्यांच्या शर्यती बघा. मुंबईत महालक्ष्मीला १८८३ पासून त्या चालू आहेत. तिथे घोड्याला गुणांक असतो. जिंकला की गुणांक वाढतो आणि त्याला वरच्या श्रेणीत जावंच लागतं, खालच्या गटात राहून सोपी इनामं लुटता येत नाहीत. आणि स्वारासाठी वेगळा हिशोब आहे. शिकाऊ जॉकीला वजनात सूट मिळते, त्याच्या घोड्यावर कमी वजन लादतात. तो जसजसा जिंकत जातो तसतशी ही सूट कमी होते आणि शेवटी संपते. म्हणजे काय केलं त्यांनी? जनावराची शिडी वेगळी ठेवली आणि माणसाची वेगळी. नवा स्वार मुरलेल्या घोड्यावर बसू शकतो, आणि मुरलेला स्वार नव्या घोड्यावर. आपल्या झाडीपट्टीत शेतानं जे न लिहिता केलं, तेच तिथे नियमात लिहिलं.

शिडी कशी मोडली

मग आपल्याकडे बिघडलं कुठे? मला तीन कारणं दिसतात.

पहिलं कारण ट्रॅक्टर. चिखलणी ट्रॅक्टरनं होऊ लागली, मळणी यंत्रानं. शेतात बैल कमी झाले. झाडीपट्टीचं स्वतःचं जनावर आहे, कठाणी. याच नावाची नदी गडचिरोलीजवळून वाहते. धानाच्या चिखलात काम करणारं हे काटक जनावर. २०२३ च्या सुरुवातीला कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेनं देशातल्या आणखी काही जातींबरोबर कठाणीचीही नोंद केली. वर्धा-नागपूरकडची गवळाऊ जात चपळ चालीसाठी पूर्वीपासून प्रसिद्ध. पण आज पटावर धावणारी जोडी बऱ्याचदा शेतातली नसते. ती पटासाठीच विकत घेतलेली, पटासाठीच पोसलेली असते. तिनं कधी चिखल पाहिलेला नसतो, भरली गाडी ओढलेली नसते. म्हणजे शिडीच्या खालच्या सगळ्या पायऱ्या गेल्या. जनावर थेट वरच्या पायरीवर येऊन उभं राहिलं.

दुसरं कारण घड्याळ आणि इनाम. सेकंदाचा शंभरावा भाग दिसायला लागला तशी जोडीची किंमत त्या आकड्यावरून होऊ लागली. पूर्वी सौदा करताना बैलाची चाल, खूर, वशिंड, स्वभाव बघत. आता आधी विचारतात, टायमिंग काय? आणि जे मोजलं जातं तेच वाढवलं जातं. वेग मोजला, वेग वाढला. ताबा मोजला नाही, ताबा मागे पडला. वेग येत नाही म्हटल्यावर काठी, टोकदार तुतारी, शेपटी पिरगाळणं, हे आलं. ते लपवण्यात अर्थ नाही. त्याचाच हिशोब पुढे कोर्टात झाला.

तिसरं कारण म्हणजे बंदीची वर्षं. तारखा नीट सांगतो, कारण यात फार गोंधळ असतो. ११ जुलै २०११ रोजी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं अधिसूचना काढून प्रदर्शनासाठी वापरता येणार नाहीत अशा प्राण्यांच्या यादीत बैल घातला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तमिळनाडूचा जल्लिकट्टू आणि महाराष्ट्रातल्या बैलांच्या शर्यती या दोन्हींवर बंदी आणली. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रानं सवलत दिली, ती काही दिवसांतच न्यायालयानं थांबवली. २०१७ मध्ये महाराष्ट्रानं कायद्यात दुरुस्ती केली, पण ती उच्च न्यायालयात अडकली. शेवटी १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं महाराष्ट्र, तमिळनाडू आणि कर्नाटकचे कायदे वैध ठरवले.

२०१४ ते २०२१, साडेसात वर्षं. बंदी योग्य की अयोग्य हा आजचा विषय नाही. मला फक्त शिडीचं काय झालं ते सांगायचं आहे. २०१४ मध्ये जन्मलेला गोऱ्हा २०२१ मध्ये सात वर्षांचा झाला. म्हणजे शिकण्याचं वय संपून गेलं. २०१४ मध्ये बारा वर्षांचा असलेला मुलगा, जो बापाच्या शेजारी छकड्यावर बसून शिकला असता, तो २०२१ मध्ये एकोणीस-वीस वर्षांचा तरुण झाला. आणि २०१४ चा मुरलेला धुरकरी सात वर्षांनी म्हातारा झाला. ज्याच्या जोडीला नव्यानं शिकायचं तो जुना बैल गोठ्यात उरला नाही, आणि ज्याच्या हाताखाली शिकायचं त्याचा हातही सुटला. मग पट पुन्हा सुरू झाले तेव्हा नवं जनावर, नवा धुरकरी आणि नवी, मोठी, गर्दीची दान हे एकदमच समोर आलं. जुन्या रीतीत जे कधीच एकत्र येऊ दिलं जात नव्हतं ते एकत्र आलं.

नव्या कायद्यानं काही गोष्टी पक्क्या केल्या. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, बैलाची पशुवैद्याकडून तपासणी लागते, चाबूक, काठी, विजेचा धक्का चालत नाही, आणि छळ झाला तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे चांगलंच आहे. पण कायद्याचा रोख छळ थांबवण्यावर आहे. शिकवणं हे कायद्याचं काम नाही. ती शिडी गावानं आणि पट भरवणाऱ्या मंडळांनीच पुन्हा बांधायची आहे.

मोटारसायकलवाल्यांनी काय शिकलं

आता पुन्हा यंत्राकडे येऊ. भारतात मोटारसायकलच्या शर्यतींचं जुनं केंद्र म्हणजे चेन्नईजवळचं शोलावरम. महायुद्धातली विमानांची धावपट्टी, तिच्यावर शर्यती व्हायच्या. पुढे श्रीपेरुंबुदुरजवळ इरुंगट्टुकोट्टईला खास शर्यतीसाठी धावपट्टी झाली. १९९४ पासून टीव्हीएस कंपनीनं एकाच जातीच्या गाड्यांची शर्यतमालिका सुरू केली. सगळ्यांना सारखी गाडी, म्हणजे पैशानं नाही तर कसबानं जिंकायचं. नवशिक्यांसाठी ही कल्पना फार चांगली, आणि पुढे लहान मुलांसाठी वेगळे गटही आले.

पण जगाला २०२१ मध्ये एक कडू धडा मिळाला. त्या एका वर्षात युरोपात खालच्या आणि मधल्या गटांतले तीन तरुण स्वार गेले. मे महिन्यात इटलीत १९ वर्षांचा, जुलैत स्पेनमध्ये १४ वर्षांचा, सप्टेंबरमध्ये पुन्हा स्पेनमध्ये १५ वर्षांचा. तिघंही पडले आणि मागून येणाऱ्या गाड्यांनी त्यांना धडक दिली. यातलं कुणी फार मोठ्या गाडीवर नव्हतं. उलट गाड्या लहान आणि सारख्या होत्या. सारख्या असल्यामुळे कुणीच कुणाला मागे टाकू शकत नाही, सगळे एका घोळक्यात जातात, आणि घोळक्यात पडणं म्हणजे मागच्याच्या चाकाखाली जाणं. म्हणून जागतिक महासंघानं नियम बदलले. एका शर्यतीत किती स्वार सोडायचे त्यावर मर्यादा आली, आणि २०२३ पासून विश्वविजेतेपदाच्या गटांसाठी किमान वय १८ वर्षं झालं.

त्याच २०२३ सालच्या ५ ऑगस्टला चेन्नईच्या धावपट्टीवर बंगळुरूचा १३ वर्षांचा एक मुलगा गेला. त्या हंगामात नवशिक्यांच्या गटात त्यानं लागोपाठ चार शर्यती जिंकल्या होत्या. आणि अपघात झाला तो नवशिक्यांच्याच शर्यतीत. मी हे सनसनाटी म्हणून सांगत नाही. सांगतो ते एवढ्यासाठी की खालचा गट म्हणजे आपोआप सुरक्षित, हा समज चुकीचा आहे. आणि लागोपाठ विजय म्हणजे पोर तयार झालं, हाही पुरावा पुरेसा नाही. विजय वेग सांगतो. तयारी ही वेगळी गोष्ट आहे.

शंकरपटाला इथे एक जमेची बाजू आहे. जोडी एकटी किंवा फार तर दोन जोड्या धावतात, घोळका नसतो. पण दानीच्या दोन्ही बाजूंना माणसं असतात, आणि ताबा सुटलेली जोडी माणसांत घुसते. पटावरचा घोळका म्हणजे प्रेक्षक.

मग केव्हा?

आता तुमच्यापैकी कुणी म्हणेल, इतिहास झाला, उत्तर द्या. देतो. आतापर्यंत जे पाहिलं त्यातून निघणारं उत्तर चार गोष्टींत सांगता येतं.

पहिली गोष्ट, एका वेळी एकच नवं. वरच्या गटात जायचं असेल तर गाडी नवी घ्या, पण धावपट्टी ओळखीची ठेवा. धावपट्टी नवी असेल तर गाडी जुनीच ठेवा. पटावर, नवा बैल तर धुरकरी जुना. मालक म्हणतो, जोडी नवी आहे पण पोरगं तयार आहे, हंगाम वाया का घालवायचा? त्या वेळी मंडळानं हात जोडून नाही म्हणायला शिकलं पाहिजे.

दुसरी गोष्ट, कसोटी थांबण्याची. दान संपल्यावर जोडी किती अंतरात, किती शांतपणे थांबते, हे बघा. ज्या धुरकऱ्याला दानीच्या शेवटी चार माणसं धावत जाऊन बैल धरून द्यावे लागतात, तो कितीही कमी सेकंदांत आला तरी वरच्या गटाला तयार नाही. मोटारसायकलवर हेच असं की वळणाआधी दर वेळी त्याच जागी ब्रेक लागतो का? एक फेरी विजेसारखी आणि पुढची भलतीकडेच, असं असेल तर अजून थांबा. दहा फेऱ्या जवळजवळ सारख्या वेळेत येत असतील, आणि त्या येताना स्वार घाईत दिसत नसेल, तर त्याला वर पाठवा. आणि मग उगाच थांबवूही नका. सगळं सोपं वाटायला लागलं की लक्ष उडतं, आणि अपघात तिथेही होतो. घोड्यांच्या शर्यतीत जिंकणाऱ्याला वर ढकलतात त्यात शहाणपण आहे.

तिसरी गोष्ट, जनावराची शिडी आणि माणसाची शिडी वेगळी लिहा. दात बघून गट पाडा, तो बैलाचा. पण धुरकऱ्याचीही नोंदवही ठेवा. यानं किती पट मारले, कुणाच्या हाताखाली शिकला. अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासरला जुना, नावाजलेला पट भरतो, तिथे महिला धुरकरीही उतरतात. म्हणजे नवी माणसं येत आहेत, येऊ द्या. पण त्यांना शिडी द्या, थेट माडीवर चढवू नका.

चौथी गोष्ट, निर्णय कुणाचा? ज्याला इनाम मिळणार आहे त्याचा नको. मालकाचा नको, बापाचा नको, आणि पोराचा तर नकोच. विशीच्या आतल्या पोराला तू तयार आहेस का असं विचारलं तर तो हो म्हणणारच. जुन्या गावात हा निर्णय म्हातारे धुरकरी करत, ज्यांना आता स्वतः पळायचं नव्हतं. त्यांचा शब्द लागे. आज तो अधिकार मंडळाला, क्लबाला द्यावा लागेल, आणि तो त्यांनी वापरावाही लागेल.

शेवटचा मुद्दा, आणि तो बैलांचा नाही. बैल गेले, पण पोरांच्या अंगातली रग गेलेली नाही. चंद्रपूरपासून गडचिरोलीपर्यंत आज घरोघरी मोटारसायकल आहे. ज्या वयात आजोबा रिकामी गाडी घरी आणायला शिकले, त्या वयात नातू दोनशे सीसीच्या गाडीवर बसतो. त्याला जुना बैल कोण? त्याचा गावचा पट कुठला? नाही. मग तो राज्य मार्गालाच दान समजतो, आणि पहिल्याच दिवशी खुल्या गटात उतरतो. समोरून ट्रक येत असतो, रस्त्यावर माणसं, गुरं असतात आणि थांबायचं कसं हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. शंकरपटाच्या इतिहासातून आपल्याला काही घ्यायचं असेल तर ते हे, की वेगाची हौस दाबून टाकता येत नाही, पण तिला पायऱ्या देता येतात. एखादं बंदिस्त मैदान, लहान गाडी, शेजारी एखादा मुरलेला माणूस, आणि वर जायची परवानगी देणारे चार निःस्वार्थी लोक. याला फार पैसा लागत नाही.

एवढं बोलून थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा, विशेषतः ज्यांच्या घरी जोडी आहे किंवा होती त्यांनी आपल्या भागात गोऱ्हा पटावर कसा आणि केव्हा उतरवत ते सांगा. ही माहिती कागदावर फार थोडी आहे, माणसांच्या डोक्यात जास्त आहे, आणि ती माणसं आता म्हातारी झाली आहेत.